साकव अस्तित्वात आहे

खडपकोंडात ऑफिसची पाळी असायची. देवीच्या दिव्याची असते ना, तशीच. या वेळी या घराची, पुढच्या वेळी शेजारच्या. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या खिळ्याला एक कापडी पिशवी लटकायची. आत साकवाच्या, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या, अर्जाच्या झेरॉक्स, ग्रामसभेचा ठराव, आणि पुरात वाहून गेलेल्या जुन्या साकवाचा फोटो. फोटोत साकव दिसतच नव्हता. नुसतं पाणी दिसत होतं.

पाळीवाल्यानं सकाळी उठायचं, वहाळातल्या दगडांवरून पाय टाकत पलीकडं जायचं, डांबरी रस्त्यापर्यंत चढायचं, मिनीडोर मिळेल ती पकडायची आणि पोलादपूरला उतरायचं. बांधकामाच्या ऑफिसात जाऊन विचारायचं, "आमच्या साकवाचं काय झालं?" ते सांगायचे, प्रस्ताव वर गेलाय. किंवा खाली आलाय. किंवा साहेब मीटिंगला गेलेत. मग परत यायचं आणि पिशवी शेजारच्या दारावर अडकवायची. तो दिवस त्या घराचा गेला.

पण पाळी कोणी चुकवत नव्हतं. हर्षद तर हळद लागायच्या आदल्या दिवशी जाऊन आला होता. लोकांना वाटायचं, एकदा जरी गेलो नाही तरी साहेब म्हणतील, यांना गरज दिसत नाही.

गरज सगळ्यांना होती. पण दीपेशला जास्त होती.

दीपेश भिवंडीला कुरियरच्या गोदामात कामाला होता. बापाची, येसाजीची, किडनी गेली तेव्हा काम सोडून घरी आला. आठवड्यातून दोनदा महाडला डायलिसिस. उन्हाळ्यात काही नाही, हात धरून वहाळ ओलांडला की झालं. पावसाळ्यात मात्र तोच वहाळ माणूस तर सोडाच, बैल उचलतो. डोंगराच्या अंगानं वरून एक वाट होती, ती दरडीत गेली. मागच्या पावसाळ्यात येसाजी महाडला लेकीकडं राहिला, सेजलकडं. यंदा सेजलची सासू अंथरुणाला खिळलेली आणि घर म्हणजे एक खोली. येसाजीच म्हणाला होता, "त्या घरात आता माझी खाट बसत नाय."

म्हणजे हिशोब सरळ होता. पाऊस लागायच्या आत साकव झाला तर दीपेश बापाला पाठीवर घेऊन कुठल्याही पाण्यात रस्त्याला लागेल. नाही झाला तर काय, ते घरात कोणी बोलत नव्हतं. आई, रखमा, तर विषय निघाला की उठून चुलीकडं जायची.

शिमगा झाला. पालखी सगळ्या घरांतून नाचून देवळात बसली. मुंबईचे चाकरमानी अजून दोन दिवस, अजून दोन दिवस करत थांबलेले. त्या वेळी पाळी भिकाजीची होती. भिकाजी म्हणजे कोंडातला सगळ्यात जुना माणूस. तोंडात दात कमी आणि बोलणं जास्त. सकाळी गेला तो दुपारी लवकरच परत.

"काय हो भिकूकाका, एवढ्यात?" दीपेशनं विचारलं.

"टाळं हाय."

"सुट्टी हाय काय?"

"संप हाय. पेन्शनचा. सगळी भायेर बसल्यात मांडव घालून. मी त्या भाऊसायबाला इचारलं, आमच्या साकवाचं काय झालं? तर म्हनतो, आजोबा, आज आमचंच काय होतंय ते बघा."

सगळे हसले. भिकाजीनं पिशवी शेजारच्या दाराला अडकवायला हात वर केला आणि तसाच थांबला. टाळ्याला विचारायला माणूस पाठवायचा कशाला? पिशवी परत आपल्याच दाराला अडकवली.

पुढच्या पाळीच्या दिवशी कोणी गेलंच नाही. वाडीत असा दिवस फार वर्षांनी उगवला होता, की सगळी कामाची माणसं जागेवर आहेत आणि कोणाला कुठं विचारायला जायचं नाही. देवळाच्या पायरीवर हर्षद पाय पसरून बसला.

"आज आपली पण सुट्टी," तो म्हणाला. "एकदम रिलॅक्स."

"तुझी रोजच असते," भिकाजी म्हणाला. आणि मग उगाच बोलल्यासारखं, "माझ्या उतारावर ऐनाचं झाड पडलंय वादळात. चांगलं सरळ हाय. सगळी हाव तर वहाळावर टाकूया की. हाफिस उघडंपर्यंत."

आधी कोणी मनावर घेतलं नाही. मग दीपेश उठला. तो उठला म्हणून हर्षद उठला. मग बाकीचे.

त्या दिवसांत खडपकोंडात जे काम झालं ते बघण्यासारखं होतं. ऐनाचं खोड मधोमध चिरून त्याची दोन खोडं केली. ओढायला मुंबईची पोरं लागली. जिममध्ये कमावलेले दंड, पण उतारावर खोड सरकायला लागलं की पहिले तेच पळायचे. बायकांनी वहाळातून दगड काढून दोन्ही काठांना ओटे रचले. रखमा ओरडत होती, "अगो, तो गोल दगड नको, चपटा घे चपटा, सरकंल तो!" चिव्याच्या बांबूचं विणकाम करून वर टाकलं, तारेनं आवळलं, धरायला एका बाजूला दोर बांधला. येसाजी काठावर छत्री घेऊन बसायचा. अंगात ताकद नव्हती, पण तोंडानं सगळं काम तोच करत होता.

"डावीकडं घ्या रे! डावीकडं! दीपेश, डावा हात कुठला ते तरी ठाव हाय काय तुला?"

"आबा, तुमची डावी की आमची डावी?"

"वहाळाची डावी!"

मदतीला भरत गुरुजी पण आले. महाडजवळच्या नाते गावचे राहणारे, पण शाळा इकडची म्हणून रस्त्याच्या गावात खोली घेऊन असायचे. ते स्वतः संपावर. सकाळी मांडवात तोंड दाखवायचे आणि दुपारी पँट दुमडून वहाळात.

"गुर्जी, तुमचा संप आमाला चांगलाच लाभला," भिकाजी म्हणाला.

"अहो काका, आमच्या म्हातारपणाचा प्रश्न आहे."

"माझ्या म्हातारपनाला कोन मांडव घालतंय?"

गुरुजी हसले आणि दगड उचलला. दुसरं काय करणार.

साकव झाला. येसाजी पहिला गेला. दोर धरून, एकटा, कोणाला हात लावू दिला नाही. पलीकडं जाऊन वळला आणि तसाच दोर धरून परत आला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रखमानं तोंडाला पदर लावला एवढंच. सगळ्यांना माहीत होतं की हा साकव दोन-चार सरी काढेल, मोठ्या पुराला टिकणार नाही. पण तो आपण टाकला होता. आंब्याचे टाळे, पानांसकट डहाळ्या, बांधले, नारळ फोडला. हर्षदनं एका पत्र्यावर ऑइलपेंटनं लिहिलं, 'श्रमदानातून साकव'. कोणी तरी म्हणालं, खाली तारीख टाक, तीही टाकली.

तिथंच थांबायला हवं होतं.

त्याच संध्याकाळी दीपेश फोनवर बातम्या बघत होता. एक टाय लावलेला माणूस सांगत होता, सरकारी ऑफिसं बंद असल्यामुळं जनतेचे कामाचे किती तास वाया गेले. आकडा एवढा मोठा होता की त्याला बोलताना श्वास घ्यावा लागला. उत्पादकतेचं नुकसान, म्हणाला. दीपेशचं डोकंच फिरलं. कोणाचे तास? आमचे? ऑफिस उघडं होतं तेव्हा आमच्या प्रत्येक घराचा दिवस त्या बाकड्यावर गेला, तेव्हा हा कुठं होता? ऑफिस बंद झालं आणि आमचे दिवस आम्हाला परत मिळाले. बघ, त्याचं काय केलं ते.

तो कॉलेजात गेलेला नव्हता. पण गोदामात रात्रपाळीला फोनवर बोट दाबून दाबून वाचत गेला होता, आणि आपल्याला जे कळलं ते बोलायची त्याला खाज होती. सकाळी साकवावर उभा राहिला आणि व्हिडिओ काढला. मागं आंब्याचे टाळे, पत्रा, छत्री घेऊन येसाजी.

"टीव्हीवाले म्हणतात ऑफिस बंद तर जनतेचं नुकसान. आमच्याकडं येऊन बघा. ऑफिस चालू असताना आम्हाला साकव मिळाला नाय. ऑफिस बंद झालं आणि साकव उभा राहिला. मी तर म्हणतो, कायमचंच बंद ठेवा."

व्हिडिओ धावला. पोलादपूरच्या ग्रुपवर, महाडच्या ग्रुपवर, मग मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवर. सेजलचा फोन आला, "दादा, माझ्या शेजारणीनं मलाच दाखवला तुझा व्हिडिओ!" दीपेश दोन दिवस जमिनीवर नव्हता.

संप मिटला. चाकरमानी गेले. आणि एक दिवस, कोणाची पाळी नसताना, कोणी बोलवलं नसताना, ऑफिसच स्वतःहून खडपकोंडात आलं.

श्रुतिका मॅडम म्हणून ज्युनिअर इंजिनियर होत्या. तरुण, स्कूटीवर, पाठीला सॅक. दोन तालुक्यांचा चार्ज एकटीकडं. वरून फोन आला होता, त्या व्हिडिओतल्या जागेची पाहणी करून अपलोड करा. वाडी सगळी गोळा झाली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ऑफिसचा माणूस वहाळापर्यंत चालत आला होता. रखमानं कोकमाचं सरबत केलं. मॅडम साकवावरून पलीकडं गेल्या, परत आल्या, दोर ओढून बघितला.

"छान केलंय हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "खरंच. आमच्याकडं एवढ्या दिवसांत नुसता खड्डा होत नाही."

मनापासून म्हणाल्या. फोन काढून दोन्ही काठांवरून फोटो घेतले, स्क्रीनवर काय काय दाबलं, आणि सरबताचा ग्लास पूर्ण संपवून गेल्या. भिकाजी म्हणाला, "पोर चांगली हाय. आता व्हईल."

पुढच्या पाळीला दीपेश मुद्दाम गेला. घराची पाळी नव्हती, पण पिशवी मागून घेतली. आबांची वेळ होती म्हणून आधी त्यांना महाडला मशीनवर सोडलं आणि मग मागं पोलादपूरला आला. राजेंद्र भाऊसाहेब कॉम्प्युटरवर होते. हा माणूस वाडीत सगळ्यांना पाठ, आणि वाडी त्याला.

"खडपकोंड ना? झालं तुमचं."

"मंजूर?"

"निकाली." त्यांनी स्क्रीन फिरवली. "हे बघ. साकव अस्तित्वात आहे का? होय. फोटो दोन जोडलेत. प्रस्तावाची आवश्यकता नाही."

दीपेशला आधी कळलंच नाही. त्यानं परत वाचलं.

"भाऊसाहेब, तो लाकडाचा हाय. आम्ही टाकलेला. पावसात जाणार तो."

"मला माहीत आहे रे. पण सिस्टीममध्ये लाकडाचा की सिमेंटचा असं विचारत नाही. आहे की नाही, एवढंच."

"मॅडम कुठं हायत?"

मॅडम आतल्या खोलीत जेवणाचा डबा उघडत होत्या. दीपेशला बघून झाकण परत लावलं. त्यांना पण ठाऊक असणार हा येणार म्हणून.

"मी शेऱ्यात लिहिलं होतं, तात्पुरता आहे म्हणून," त्या म्हणाल्या. "शेरा वर कोण वाचतं? त्यांनी होय बघितलं आणि फोटो बघितला. आणि तुमचा व्हिडिओ आधीच बघितला होता. ऑफिस कायमचं बंद ठेवा म्हणालात ना तुम्ही."

दीपेश खाली बघायला लागला.

"मॅडम, माझ्या बापाचं डायलिसिस हाय."

मॅडमनी डबा बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "हे बघा, मी खोटं लिहू शकत नाही. साकव आहे, म्हणून आहे लिहिलं. नसता तर नाही लिहिलं असतं. एवढंच माझ्या हातात आहे."

दीपेश मिनीडोरमध्ये बसून महाडपर्यंत तेच वाक्य घोळवत होता. नसता तर नाही लिहिलं असतं.

ऑफिसच्या बाकड्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला एक सवय लागते. साहेब सरळ काही सांगतच नाही, इशारा करतो, असं तो धरूनच चालतो. 'बघू' म्हणजे नाही. 'उद्या या' म्हणजे पुढच्या महिन्यात. 'वरून आलं पाहिजे' म्हणजे आमदाराला भेटा. खडपकोंडानं अशी सगळी भाषा शिकून घेतली होती. त्यामुळं देवळात बैठक बसली आणि दीपेशनं मॅडमचं वाक्य सांगितलं, तेव्हा कोणाला शंका उरली नाही.

"इशारा दिलान तिनं," भिकाजी म्हणाला. "पोर चांगली हाय म्हनून दिलान."

"म्हणजे तोडायचा?" कोणी तरी विचारलं.

हातावरचे फोड अजून पुरते सुकलेले नव्हते. भरत गुरुजी कोपऱ्यात बसलेले, ते म्हणाले, "मला नाही वाटत त्यांना तसं म्हणायचं होतं. आधी जाऊन नीट विचारा."

"गुर्जी, विचारलं की ती नायच म्हननार. कोन सायब तोंडानं सांगतो, तोड म्हनून? नोकरी जाईल तिची."

"पण तोडला आणि मंजूर नाही झाला तर? हा दोन सरी तरी काढेल."

"दोन सरी काढून काय करायचं? पुढं चार महिनं हायत."

सगळ्यांचे डोळे येसाजीकडं. दीपेश बघत नव्हता, त्याची हिंमत नव्हती. व्हिडिओ त्याचा होता. कोणी त्याला बोललं नव्हतं, आणि तेच जास्त लागत होतं.

येसाजी खांबाला टेकून बसला होता. सुजलेले पाय पुढं पसरलेले.

"तोडा," तो म्हणाला. "लाकडाचा किती दिवस पुरनार? माझं काय, माझ्यामागं पन पोरं हायत वाडीत. सिमेटचा होऊ दे."

"आबा—"

"तोडा म्हनतोय ना."

बांधायला सगळी वाडी होती. तोडायला म्हातारे, बायका आणि दीपेश. मुंबईची माणसं मुंबईला. दोर सोडला, तारा तोडल्या, बांबू काढून काठावर रचले. खोडं काही हलेनात. पहारीनं रेटून रेटून एकेक वहाळात पाडलं. पडताना असा आवाज झाला की रखमा घरातून पळत आली, कोणाला लागलं म्हणून. पत्रा भिकाजीनं काढला आणि आपल्या कोंबड्यांच्या खुराड्यावर घातला.

दीपेशनं रिकाम्या वहाळाचे फोटो काढले. दोन्ही काठांवरून, मॅडमनी काढले होते तसेच. आणि गेला.

मॅडमनी फोटो बघितला. बराच वेळ बघितला.

"काय झालं? पडला?"

"तोडला."

"कोणी?"

"आम्ही. तुम्ही म्हणालात ना, नसता तर..."

त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला. "अहो, मी तोडायला कधी सांगितलं? मी... अहो, असं कोणी करतं का?"

दीपेशला तेव्हा कळलं. इशारा नव्हताच. आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसातलं माणूस सरळ बोललं होतं, आणि वाडीला सरळ बोलणं ऐकायची सवयच नव्हती.

बाहेर राजेंद्र भाऊसाहेब कोणाला तरी सांगत होते, वर गेलाय.

मॅडमनी पाणी प्यायलं. "मी सोमवारी येते. परत पाहणी करते, नाही म्हणून अपलोड करते, सोबत पत्र लावते. इमर्जन्सीमधून होतं का बघू. तुम्ही अर्जदार म्हणून हजर राहा फक्त. सगळे हजर राहा."

त्या येणार होत्या हे नक्की. दीपेशला आवाजावरून कळत होतं. सेजलचा त्याच दिवशी फोन आला, "दादा, इथं मागच्या आळीत एक खोली रिकामी होतेय. आबांना आत्ताच आणून ठेव." दीपेश म्हणाला, "सोमवारी मॅडम येतायत. आबा हजर पाहिजेत. पेशंट समोर दिसला तर वजन पडतं. झालं की लगेच आणतो."

सोमवारी मॅडम आल्या नाहीत. ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या होत्या, आचारसंहिता सुरू. नवीन पाहणी नाही, नवीन प्रस्ताव नाही. मॅडमना ट्रेनिंगला अलिबागला पाठवलेलं. त्यांनी स्वतः फोन केला, आवाज पडलेला. "संपली की पहिलं तुमचं. नक्की. पहिल्याच दिवशी."

दीपेश तरीही पोलादपूरला गेला. का गेला, त्याला सांगता आलं नसतं. पिशवी खांद्याला लावायची आणि जायचं, पायांनाच माहीत होतं. ऑफिस उघडं होतं. पंखे चालू. सगळे जागेवर, मस्टरवर सगळ्यांच्या सह्या. बाकड्यावर नेहमीची माणसं. कोणी तळीयेकडचं, कोणी घाटातल्या वाडीतलं. सगळ्यांच्या मांडीवर पिशव्या. कोणाचंच काम होण्यासारखं नव्हतं आणि ते सगळ्यांना सांगून झालं होतं. तरी बसले होते. दीपेश पण बसला.

तो टाय लावलेला माणूस त्याला आठवला. तो चुकला, असं दीपेश तेव्हा म्हणाला होता. आता बसल्या बसल्या वाटलं, आपण पण चुकलोच. बंद असलं की नुकसान होतं असं त्याला वाटत होतं. बंद असलं की फायदा होतो असं आपल्याला वाटलं. दोघांनी धरलं होतं की या दाराचा आणि आपला काही संबंध आहे. टाळं असो की पंखा चालू असो, या बाकड्यावरचे तास कोणाच्याच आकड्यात नव्हते. वाया जायला आधी कुठल्या तरी हिशोबात धरलेले पाहिजेत.

शेजारचा म्हातारा म्हणाला, "तुमचा नंबर हाय काय?"

"नाय," दीपेश म्हणाला. "आमचा निकाली लागला."

"नशीबवान," म्हातारा म्हणाला. खरंच म्हणाला.

घरी आला ते ठरवूनच. आता मॅडमची वाट बघायची नाही. येत्या डायलिसिसला आबांना महाडला न्यायचं ते परत आणायचंच नाही. सेजलला फोन केला. खोली दुसऱ्या कोणी घेतली होती. "असू दे, तू आण," ती म्हणाली, "मी स्वयंपाकघरात झोपते." रखमानं कपडे बांधले. खाट बसत नाही, असं येसाजी या वेळी म्हणाला नाही.

पाऊस वेळेच्या आधीच आला. वळवाचा नाही, खरा. महाबळेश्वरच्या बाजूनं सगळं काळं झालं आणि वर डोंगरात कोसळायला लागला तो थांबेचना. सकाळी येसाजी तयार होऊन बसला. स्वच्छ पायजमा, टोपी, कपड्यांचं बोचकं. दीपेशनं त्याला पाठीवर घेतलं, रखमा मागून छत्री धरून. वहाळाशी गेले.

दगड दिसत नव्हते. रचलेले ओटे दिसत नव्हते. लाल पाणी काठाला घासत चाललं होतं, आणि त्यात झाडाची मुळं, एक प्लास्टिकची खुर्ची, कोणाचं तरी छप्पर. त्यांनी पाडलेली ती दोन खोडं तर केव्हाच गेली असणार. भिकाजी आधीच येऊन उभा होता. दीपेशनं पाण्यात पाय घातला. भिकाजीनं मागून शर्ट धरला.

"येडा झालास काय? दोघं जाशीला."

"सोडा काका."

"नाय सोडत."

"आज नाय गेलो तर—"

"मला ठाव हाय. तरी नाय सोडत."

दीपेशनं बापाला काठावरच्या दगडावर उतरवलं. फांदीखाली, पावसापासून जरा आडोशाला. तिथं उभं राहिलं की फोनला रेंज येते. त्यानं महाडला लावला. डायलिसिसच्या सिस्टर ओळखीच्या होत्या.

"सिस्टर, येसाजी. खडपकोंड. आज नाय जमणार. पाणी आलंय."

"अहो, मागच्या वेळी पण उशिरा आलात तुम्ही. परवा येता का?"

"उतरलं तर."

"आणि नाही उतरलं तर?"

पाण्याचा आवाज त्यांना पलीकडं ऐकू गेला असेल. सिस्टर जरा हळू बोलल्या, "बरं बघा. इथं वेटिंगचा एक पेशंट बसलाय सकाळपासून. तुमची आजची वेळ त्यांना देऊ का?"

दीपेशनं बापाकडं बघितलं. येसाजी पाण्याकडं बघत होता.

"द्या," तो म्हणाला.

फोन खिशात ठेवला. रखमा छत्री दोघांवर धरायला बघत होती आणि ती कोणावरच नीट येत नव्हती. भिकाजीनं अजून शर्ट सोडला नव्हता.

"काय म्हनाली?" येसाजीनं विचारलं.

"तुमची वेळ दुसऱ्याला दिली. एक जण बसून होता."

"म्हनजे मशीन रिकामी नाय राहिली?"

"नाय."

"मग झालं," येसाजी म्हणाला, आणि उठायला हात पुढं केला.